लाखेची टाकी आणि लग्नाचे गंज

आमच्या घरी चाक नव्हतं. बैलगाडी नव्हती, सायकल नव्हती. चिचगडला आमच्या टोलीवर (वस्तीवर) जे काही जड असेल ते बाबूजींच्या खांद्यावरच्या कावडीतून जायचं. धान, मोहफुलं, आणि लग्नसराईत समाजाची भांडी. समाजाने वर्गणी काढून घेतलेले मोठाले गंज (पातेली), पराती, कढया. ज्या घरी लग्न, त्या घरी बाबूजी ती पोचवायचे आणि शेवटच्या पंगतीला बसायचे. तोवर वरण संपलेलं असायचं. आई म्हणते, कधीकधी भातही.

पुढे बाबूजी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर. मी बी.एस्सी. झाले त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा जुना ट्रक घेतला. तो माझ्याहून वयाने मोठा आहे. आमच्या घरात आधी पदवी आली की आधी ट्रक, यावर आमचा बापलेकीचा अजून वाद आहे. दोन्ही पहिल्यांदाच आले, एवढं मात्र दोघांना मान्य आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात गावच्या एका मुलीचं लग्न तिरोड्याला होतं. तिचे वडील तिकडेच राहायला गेलेले, पण भांडी गावचीच हवीत हा आमचा रिवाज. समाजाचे अध्यक्ष टेम्पो सांगणार होते. बाबूजी बैठकीत उभे राहिले.

"माही गाडी असताना टेम्पो कायले (कशाला)?"

"तुही गाडी पोचली पाह्यजे ना पन," अध्यक्ष म्हणाले. "नाही पोचली तं वऱ्हाडाचा भात का हातावर शिजवू?"

सगळे हसले. बाबूजी हसले नाहीत. उन्हं कलायच्या आत गंज मांडवात असतील, असा त्यांनी शब्द दिला. मी शाळेत विज्ञान शिकवते. सुटी होती, म्हणून मीही सोबत निघाले.

रिकामी भांडी आमच्याकडे गावाबाहेर काढत नाहीत. आईने सर्वांत मोठ्या गंजात मूठभर तांदूळ टाकले आणि आम्ही सकाळीच निघालो. केबिनमध्ये बाबूजी, मी आणि सोमामामा आचारी. मामांच्या मांडीवर त्यांचा झारा होता. मागे ठेवायला तयार नव्हते. "झारा आन बायको दुसऱ्याच्या भरोशावर सोडू नये," म्हणाले. मामी मात्र घरीच होत्या.

चिचगड ते देवरी रस्ता जंगलातला. उन्हाळ्यात सागाला पान नसतं, त्यामुळे आतपर्यंत दिसतं. मोहाखाली पालापाचोळा जाळून झाडलेली जमीन, त्यावर पिवळी फुलं, आणि ती आपल्या बापाची असल्यासारखी खात बसलेली माकडं. मामा कोणत्या लग्नात वरण कोणामुळे करपलं ते सांगत होते. स्वतःमुळे एकदाही करपलं नव्हतं.

देवरीच्या अलीकडे एक चढ लागतो. तिथे इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला आणि समोरच्या जाळीतून वाफ आली. बाबूजींनी गाडी बाजूला घेतली. मी खाली उतरून पाहिलं, तर टाकीवर लाल चकचकीत काहीतरी ओघळत होतं.

ही टाकी रेडिएटरशेजारी असते. साधी प्लास्टिकची. इंजिन तापलं की जास्तीचं पाणी नळीतून तिच्यात येतं, निवलं की परत आत ओढलं जातं. आमच्या टाकीला तडा होता. बाबूजींनी तो लाखेने बुजवला होता. आमच्या भागात कुसुमाच्या झाडावर लाख मिळते, विळ्याची मूठ तिनेच बसवतात आणि कुऱ्हाडीचा दांडाही.

"बाबूजी, हे का केलंत?"

"काऊन (का)? माह्या आज्याची कुऱ्हाड लाखेनंच बसवली आहे. अजून हालली नाही."

"कुऱ्हाडीच्या पोटात उकळतं पाणी असते का?"

बाबूजींनी विचार केला. "घरी तं एक थेंब गळला नोता."

"घरी गाडी उभी होती!"

"उभी असली का चांगली राह्यते गाडी," मामा म्हणाले.

बाबूजी रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी ओरडले. माझ्यापेक्षा मामा मोठ्याने ओरडले, "थांबा गा! उकळत्या गंजाचं झाकन कोनी असं तोंड घालून उघडते का?" मग आम्ही पळसाखाली बसलो आणि आईने कॅनमध्ये भरून दिलेली पेज (भाताची पातळ कांजी) प्यायलो. निम्मी उरली तेव्हा बाबूजींनी कॅनकडे पाहिलं, मग रेडिएटरकडे पाहिलं. मी कॅन उचलून मांडीवर घेतली.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. मामा म्हणाले, "चिंता नोका करू. गंज माह्या डोळ्यासमोर आहेत." खोटं काहीच नव्हतं.

इंजिन निवल्यावर रेडिएटर जवळच्या हातपंपाच्या पाण्याने भरला आणि बैलाच्या चालीने देवरी गाठली. सुट्या भागांच्या दुकानात मालकाने आमची टाकी हातात घेतली, वास घेतला.

"अंकल, इस पे लाख लगाया? चूड़ी बनानी थी क्या?"

"टाकी हाय का नाही ते सांगा," बाबूजी म्हणाले.

"इस मॉडल की? अंकल, कंपनी भी भूल गई होगी इसको।"

त्याच्याकडे दुसऱ्या गाडीची टाकी होती. आमच्या टाकीहून मोठी, आणि तिची भोकं आमच्या गाडीतल्या लोखंडी पट्टीच्या भोकांशी जुळत नव्हती. बाबूजी म्हणाले, "नाही बसत." मी म्हणाले, "बसते." पाना मागितला. एक नट सुटला, दुसरा गंजलेला. त्याच्यावर तेल सोडून मी त्याला मनात जे बोलले ते वर्गात बोलत नाही. जुनी टाकी निघाली. नवी पट्टीवर टेकवून, टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आवळून बांधली. हलवून पाहिली. हलली नाही.

आता नळी. नव्या टाकीला दोन तोंडं होती, एक वर, एक तळाशी. तोवर जमलेल्या सगळ्यांनी वरचं सांगितलं. बाबूजीही म्हणाले, "पानी वरूनच भरते, बाई."

शेजारी उसाचा रसवाला होता. मी एक ग्लास घेतला, नळी रसाच्या वर धरली आणि बाबूजींना ओढायला सांगितलं.

"हवा येऊन राहिली नुसती."

नळी तळाशी नेली. त्यांनी ओढलं. बराच वेळ ओढलं. ग्लास रिकामा करून म्हणाले, "खालच्या तोंडाले लाव."

"मले नाही समजलं," मामा म्हणाले. "माह्यासाठी एक ग्लास अजून सांग."

नळी तळाशी लावली, क्लिप आवळली, पाणी मिसळलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) टाकीवरच्या दोन रेघांच्या मधोमध भरलं. गाडी चालू केली. सगळे वाकून पाहत होते. गळलं नाही.

तिथून पुढे कोहमारा, गोरेगाव. बाबूजी दर थोड्या वेळाने गाडी थांबवून जाळीतून टाकीकडे बघायचे आणि मलाही बघायला लावायचे. "गळून राहिली?" "नाही." "पाह्य बरं अजून." चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ हिरवा उन्हाळी धान लागला, बगळे लागले, गार वारा आला. माझ्या बापाने तलाव पाहिलाच नाही. मग तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि मामा झारा घेऊन सरसावून बसले.

मांडवात शिरलो तेव्हा उन्हं अजून पत्र्यावर होती. अध्यक्ष दारातच उभे होते.

"आली का गा तुही गाडी?"

"येनारच होती," बाबूजी म्हणाले. माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "माही पोरगी बसली होती ना आत."

आईचे मूठभर तांदूळ मामांनी पहिल्या गंजात टाकले. अध्यक्षांनी बाबूजींचा हात धरून त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. वरण भरपूर होतं. त्यांनी तीनदा मागितलं, आणि तिन्ही वेळा आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतलो. त्या चढावर बाबूजींनी गाडी थांबवली नाही, नुसता काट्याकडे पाहून मान हलवली. जुनी टाकी त्यांनी फेकली नाही. ती अंगणात आहे, लाखेसकट, आणि आई तिच्यात मिरचीची रोपं लावते. गावी पोचल्यावर अध्यक्षांचा निरोप आला: पुढच्या लग्नाची भांडीही याच गाडीने जातील.

नवी टाकी मी बसवली. ती अजून गळलेली नाही.