सहाशे, पण काय?

तिला ‘एककबाई’ हे नाव चेष्टेनंच पडलं होतं. नवऱ्यानं “येताना दोन आण” म्हटलं, तरी ती विचारायची, “दोन काय? किलो की नग?” चोवीस वर्षं ती खालच्या धरणावर पाण्याची पातळी वाचून साठा कळवत होती. नुसत्या आकड्यावर तिचा कधीच भरवसा नव्हता.

त्या दुपारी वरच्या धरणावरून निरोप आला : “सहाशे सोडतोय.” एवढं बोलून फोन बंद.

“सहाशे क्युसेक, लिहून टाका,” साहेब म्हणाले. “सगळे क्युसेकमध्येच सांगतात.”

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. बाईंची लेखणी अडली. “साहेब, सहाशे क्युसेकसाठी कुणी मुद्दाम फोन करत नाही. तेवढं तर रोजच येतं.”

फोन लागेना. साहेब वैतागले, पण बाई चिकटून बसल्या. विसाव्या मिनिटाला पलीकडून नवा ऑपरेटर बोलला, “घनमीटर, ताई. आमच्याकडे आता तेच चालतं.”

एका घनमीटरात पस्तीस घनफूट. बाईंनी कागदाच्या पाठीवर गुणाकार केला : एकवीस हजार क्युसेक. नदीच्या पात्रात जेमतेम बारा हजार मावायचे, आणि पाणी पोचायला तीन तासही उरले नव्हते.

साहेबांनी वाद घातला नाही. भोंगा वाजवून ते धरणाच्या दारांकडे धावले. बाई जीप घेऊन काठच्या वस्तीत गेल्या. तिथं एक म्हातारबुवा उंबऱ्यावरून हलेनात.

“आभाळ कोरडं ठणठणीत. पूर कसला?”

“पाऊस डोंगरात झालाय, काका. टँकर बघितलाय ना? तसले साठ टँकर. दर सेकंदाला.”

म्हातारबुवांनी नदीकडं पाहिलं आणि अंथरूण गुंडाळलं.

संध्याकाळी घरांत कमरेएवढं पाणी होतं, पण माणसं सगळी शाळेच्या माडीवर सुखरूप होती.

दुसऱ्या दिवशी नव्या ऑपरेटरचा रडवेला फोन आला. “तुझी एकट्याची चूक नाही रे,” बाई म्हणाल्या. “आम्हीही इतकी वर्षं गृहीतच धरत आलो.” साहेबांनी दोन्ही धरणांसाठी नियमच काढला : एककाशिवाय आकडा घ्यायचा नाही.

सुट्टीच्या दिवशी बाई फावडं घेऊन वस्तीत गेल्या आणि म्हातारबुवांच्या घरातला गाळ उपसू लागल्या.