रिपोर्टच्या आधीचे चार दिवस

मधुमेहाला गंडवायची विद्या आमच्या घराण्यात मी आणली. रक्त तपासायचं असलं की आधी चार दिवस मी साधू व्हायचो. कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा, नाशिकच्या गंगापूर रोडला पहाटे दीड तास पायपीट. रक्त देऊन बाहेर पडलो की थेट मिसळ आणि वर जिलबी. रिपोर्ट झकास! डॉक्टर शाबासकी द्यायचे, मी मान खाली घालून ती घ्यायचो. उभा जन्म शाळेत कॉपी पकडण्यात गेला. करण्यातली मजा निवृत्तीनंतर कळली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मात्र मी टाळायचो. तिथे चार दिवसांचं सोंग चालत नाही.

दिंडोरीला द्राक्षबाग बघणाऱ्या धाकट्या भावालाही साखर निघाली, तेव्हा ही विद्या मी त्याला मोठ्या प्रेमानं शिकवली.

ऑक्टोबरच्या छाटणीत एका सकाळी त्याचा फोन आला. "दादा, लय घाम फुटलाय. दम लागतोय, जबडा जड झालाय."

"छातीत दुखतंय?"

"छातीत काय नाय."

"मग हार्ट नाही, पित्त आहे. सोडा पी आणि पड जरा. परवाच तर रिपोर्ट चांगला आलाय."

"येणारच. चेला कुणाचा हाय!" तो हसला. मीही हसलो.

सोडा पिऊन तो वेलींच्या सावलीत दुपारपर्यंत पडून राहिला. जेवायला बोलवायला गेलेल्या त्याच्या बायकोनं त्याचा रंग पाहिला, मला न विचारता गाडी काढली आणि त्याला नाशिकला आणलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर तिला सांगत होते, "सकाळीच अटॅक येऊन गेलाय. मधुमेहात नसा बधिर होतात, दुखतंच असं नाही. असे पेशंट आता वरचेवर येतात, पन्नाशीच्या आतलेसुद्धा. साखर कशी असते यांची?"

"कंट्रोलमध्ये हाय," खाटेवरून भाऊच बोलला. बायकोनं पिशवीतून दोन वर्षांचे रिपोर्ट काढून दिले. डॉक्टर एकेक कागद बघून मान डोलावू लागले. आता याच कागदांवर त्याची औषधं ठरणार होती.

भावानं माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असंच ते पाहणं होतं. मला वाचवत होता, गाढव.

"डॉक्टर, ते कागद खरे नाहीत," मी म्हणालो. सगळं सांगितलं, जिलबीसकट. कोणी हसलं नाही. त्याची बायको एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही तर शिकलेले ना?"

सरासरीची तपासणी झाली. आकडा पाहून डॉक्टरांनी सगळी औषधं बदलली. भाऊ वाचला, हृदयाचा एक भाग मात्र कायमचा गेला. आता बागेच्या दोन ओळी चालला की तो बांधावर टेकतो, छाटणी बायको करून घेते. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, पावसापाण्याचं, द्राक्षाच्या भावाचं. पण जरा दम लागला, हात जड वाटला, तर फोन डॉक्टरांना करतो. मला चार दिवसांनी कळतं, तेही त्याच्या बायकोकडून.

बरोबरच आहे त्याचं.