चार नंबरची बोअर

चित्रलेखा राजवाडे जमिनीखालचं पाणी मोजायची. पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं तिनं जत तालुक्यातल्या विहिरींत टेप सोडून पातळ्या लिहून घेतल्या. मग शिकायला ब्रिस्बेनच्या युनिव्हर्सिटीत आली आणि राहूनच गेली. नवरा मिहिर, मुलगी स्पृहा, स्प्रिंगफील्ड लेक्सला घर. काम मात्र तेच, आणि बहुतेक वेळा दुष्काळातलंच.

२०२०च्या सप्टेंबरमध्ये तिच्या कंपनीला पश्चिम क्वीन्सलँडमधल्या जुन्या बोअर तपासायचं काम मिळालं. अख्खा महाराष्ट्र मावेल एवढा तो प्रदेश, आणि माणसं एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. पाऊस आला तर आला, नाहीतर तीन-तीन वर्षं नाही. पण खाली वालुकाश्मात लाखो वर्षांपूर्वीचं पाणी कोंडलेलं. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी खोल भोक पाडलं, तर कढत पाणी आपोआप उसळून वर आलं. मैलोगणती चर खणून ते वाहू दिलं गेलं. त्यावर मेंढ्या आल्या, लोकर आली, लोकरीमागून रेल्वे आली. पुढे भोकं वाढली, दाब उतरला, लोकरीचे दिवसही सरले आणि माणसं निघून गेली. आता सरकारला नवा विकास आराखडा करायचा होता. कुठल्या बोअरमध्ये जीव आहे आणि कुठली सिमेंट ओतून बुजवायची, हे जागेवर जाऊन बघायला हवं होतं.

तिचा कामातला जोडीदार कॉलिन न्यू साउथ वेल्सचा. कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद झाल्यामुळे तो तिकडेच अडकला होता.

"एकटी जाऊ नकोस," मिहिर म्हणाला.

"दोघं एका गाडीत बसलो तर त्यालाही नियम आडवा येतो. त्यापेक्षा एकटीच बरी."

दोन दिवस ती पश्चिमेला गाडी चालवत राहिली. शेवटच्या गावात एका बंद दुकानापुढे दीड-दीड मीटरवर पिवळे पट्टे काढलेले होते. पट्टे ओळीनं, स्वच्छ, आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकही माणूस नाही. पेट्रोल तिनं यंत्रात कार्ड घालून भरलं.

डिंगल डाउन्स हे यादीतलं शेवटचं स्टेशन. स्टेशन म्हणजे तिकडचा गुरांचा नाहीतर मेंढ्यांचा अवाढव्य फार्म. तिथे वॉली हॅलोरन नावाचा ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा एकटा राहत होता. फोनवर त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "फाटक उघडं असेल. मी भेटायला बाहेर येणार नाही, माझी छाती कमजोर आहे. गाडीतला रेडिओ चालू ठेव, मी वाट सांगतो."

फाटकातून आत शिरताच रेडिओ खरखरला. "ये. पहिली बोअर डावीकडे, पांढऱ्या पिंपापाशी."

"थँक्स, मिस्टर हॅलोरन."

"वॉली म्हण, मेट."

चहूकडे जमीन ताटासारखी सपाट. घर कुठे दिसत नव्हतं, धूर नाही, पक्षी नाही. पहिल्या बोअरमधून करंगळीएवढी धार येत होती. दुसरीचा पाइप गंजून मोडला होता. तिसरीपाशी एक कूलाबाचं, म्हणजे तिकडच्या निलगिरीच्या जातीचं, झाड होतं. चित्रलेखा उतरली, घाम पुसला आणि रेडिओचं बटण दाबून म्हणाली, "तीन नंबरला पोचले."

"टोपी घाल डोक्यात," म्हातारा म्हणाला. "आणि गाडीचं दार उघडं टाकलंयस, धूळ जाईल आत."

टोपी तिच्या हातात होती. दार खरंच उघडं होतं. तिनं हळूहळू एक पूर्ण गिरकी घेतली. क्षितिजापर्यंत काही म्हणजे काही नव्हतं.

"तुम्ही कुठे आहात, वॉली?"

"घरात. व्हरांड्यात."

"घर किती लांब आहे?"

"तुझ्यापासून? अकरा किलोमीटर."

दुर्बिणीचासुद्धा उपयोग होणार नाही, एवढं ते अंतर. तिनं टोपी घातली, दार लावलं आणि तिसरीचा दाब मोजला. आकडा दोनदा चुकीचा लिहिला.

"चारला जाऊ नकोस," तो म्हणाला. "कोरडी आहे ती."

"बघावी लागेल. यादीत आहे."

"बरं. तोंड पाइपजवळ नेऊ नकोस."

चौथीकडे जाताना वाट एका ओसाड वस्तीतून जात होती. लोकर कातरणाऱ्यांच्या खोल्या, एका खोलीची शाळा, टेनिस कोर्टाचे दोन खांब. शाळेच्या ओट्यावर दप्तरं अडकवायचे खिळे होते, प्रत्येकाखाली रंगानं नाव. तिनं मोजले नाहीत, पण तीसेक असतील. पलीकडे चार नंबरची बोअर. जमिनीतून कमरेएवढा वर आलेला जाड लोखंडी पाइप, त्याच्यापासून एक तारेचं कुंपण थेट क्षितिजाकडे गेलेलं. बाकीच्या तारा गंजून लाल झाल्या होत्या. सगळ्यात वरची मात्र चकचकीत होती, एखाद्या जिन्याच्या कठड्यासारखी.

टेप सोडायला ती वाकली, तेवढ्यात हनुवटीवर ओढलेला निळा मास्क निसटला आणि पाइपच्या तोंडावर जाऊन चिकटला. आत ओढला गेला, ताणला गेला. खालून आवाज येत होता, लांब, सावकाश, झोपलेल्या माणसासारखा. मास्कच्या चुण्या थोड्या सैल पडत, पुन्हा ताणल्या जात. चित्रलेखा चार पावलं मागे सरली. भूशास्त्राच्या पुस्तकात तिनं हे वाचलं होतं. पाणी खाली गेलं की खडकातल्या पोकळ्या रिकाम्या होतात, आणि बाहेरच्या हवेचा दाब वाढला-घटला की त्या हवा आत ओढतात, बाहेर टाकतात. साधं भौतिकशास्त्र. तरीही मास्क काढायला तिचा हात पुढे होईना.

"आत घेतेय का?" रेडिओ बोलला.

"हो."

"आत घेतेय तोवर हवा बरी."

तिनं बळेच मास्क सोडवला, टेप सोडली. एकशे चाळीस मीटरपर्यंत पाणी नाही. ती आकडा लिहीत असताना आवाज थांबला. इतकी शांतता झाली, की कागदावर पेन घासल्याचं ऐकू आलं. मग पाइपातून थंड, कुबट हवेचा झोत वर आला आणि वाढतच गेला. कडेची वाळू उडायला लागली.

तिनं रेडिओ उचलला. "वॉली, आता बाहेर टाकतेय. जोरात."

"सगळं सोड. गाडीत बस. घराकडे ये."

"आकाश तर स्वच्छ..."

"बस गाडीत."

ती निघाली. गाडीची वाट ओढ्याला लांब वळसा घालून घराकडे जात होती. दहाच मिनिटांत पश्चिमेकडून तांबडी भिंत उठली, आणि बघता बघता वाट, बॉनेट, सगळं नाहीसं झालं. भर दुपारी काचेवर नुसता तपकिरी अंधार. तिनं ब्रेक दाबला आणि रेडिओवर म्हणाली, "थांबतेय."

"थांबू नकोस तिथे," म्हातारा म्हणाला. "ओढ्याच्या काठावर आहेस, कड ढासळते. बटण दाबून ठेव, मला ऐकू दे. दहाच्या वेगानं चल." ती चालली. चाकाखाली लोखंड खडखडलं. गुरं ओलांडू नयेत म्हणून वाटेत आडवे बसवलेले गज होते ते. तिनं बटण सोडताच तो म्हणाला, "हे जुनं ग्रिड. आता शंभर मोज आणि डावीकडे वळ."

"मला काहीच दिसत नाही."

"नको दिसू दे. मोज."

ती मराठीत मोठ्यानं मोजत राहिली. शंभरला वळली. दुसरं ग्रिड, त्याचा आवाज पहिल्याहून जड. "आता उजवीकडे." तिसरं. शेवटी चाकाखाली खडी वाजली आणि तो म्हणाला, "इंजिन बंद कर. तीन पायऱ्या आहेत, समोरच." दोन्ही हात पुढे करून, चाचपडत ती चढली.

जाळीच्या दाराआड वॉली बसला होता. तोंडावर ओला रुमाल, मांडीवर रेडिओ. तिच्या चाहुलीनं त्यानं मान वळवली, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे राहिली. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी होती.

तिनं डोळ्यांतली धूळ पुसली आणि पुन्हा बघितलं.

"एकवीस वर्षं झाली," तो म्हणाला. "विचार, सगळे विचारतात."

"टोपी कशी कळली?"

"त्या झाडाखाली सगळेच टोपी काढतात. पहिली सावली ती. आणि दार उघडं असलं की तुमच्या नव्या गाड्या पिकपिक वाजतात." तो हसला. "मी या जमिनीवर चर उकरायचं काम केलंय. इथे शंभरेक माणसं राहायची तेव्हा. डोळे गेले, पण नकाशा गेला नाही."

दाराच्या आत कोपऱ्यात थर्मास ठेवलेला होता. तिनं चहा ओतून घेतला आणि दूर बसली. वादळ ओसरेपर्यंत दोघं बोलत राहिले. तो रोज पहाटे ती चकचकीत तार धरून सरळ दोन किलोमीटर चालत चारपाशी जायचा, पाइपच्या तोंडावर तळहात ठेवून बघायचा आणि सात वाजता तिथूनच रेडिओवरून आजूबाजूच्या सात स्टेशनांना सांगायचा, आत की बाहेर. त्यावर लोक गुरं हलवायची की नाही, ट्रक काढायचा की नाही, ते ठरवायचे.

"रिपोर्टात काय लिहिणार?" त्यानं विचारलं.

"नियमानं बुजवायला हवी."

"नियम बरोबरच आहे. पाणी नाहीये तिच्यात."

त्यानं विनवणी केली नाही. केली असती तर बरं, असं तिला वाटलं.

वादळ पाचच्या आत ओसरलं. ऑफिसातली लीना रोज पाचला तिची खबर घ्यायची. त्या दिवशी सॅटेलाइट फोनवर चित्रलेखानं तिला सांगितलं, "मी तीन दिवस जास्त राहतेय." ती लोकर कातरणाऱ्यांच्या एका खोलीत राहिली आणि बोअरच्या हवेचा दाब तासातासाला लिहून काढला. अहवालात तिनं लपवलं काही नाही. बोअर कोरडी, पाण्यासाठी निरुपयोगी. मात्र तोंडावर जाळी बसवून हवामानाच्या नोंदीसाठी राखावी. वरचे अधिकारी म्हणाले, हे आपल्या कामात बसत नाही. लीना तिच्या बाजूनं भांडली. फेब्रुवारीत मंजुरी आली आणि पाइपला हवा मोजणारं एक छोटं यंत्र लागलं. दर मिनिटाचा आकडा आता स्प्रिंगफील्ड लेक्सला चित्रलेखाच्या लॅपटॉपवर यायचा.

आलेखात रोज पहाटे सहा चाळीसला तीन मिनिटं रेघ सपाट व्हायची, कारण वॉली जाळीवर तळहात ठेवायचा. ते दिसलं की ती चहाचं आधण ठेवायची.

मे महिन्यात त्याला गावातल्या हॉस्पिटलात हलवलं, आणि पहाटेची रेघ सपाट होणं थांबलं. सातचं काम त्यानं तिच्यावर सोपवलं. ती रोज सातही घरांना मेसेज करायला लागली : आत, किंवा बाहेर. बायका उत्तर पाठवायच्या, "नो वरीज, लव्ह." जूनमध्ये तो गेला. बाहेरून येणाऱ्यांना परवानगी नव्हती, तिनं दफन फोनवर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला रेघ सपाट झाली. सहा त्रेचाळीसला पुन्हा सुरू झाली.

तिनं शेजारच्या स्टेशनला फोन केला. तिथून डिंगल डाउन्स दीड तासावर; कुणीही तिकडे गेलेलं नव्हतं. "कांगारू रेलला असेल पाइपला," बाई म्हणाली. असेलही. मिहिरही तेच म्हणाला.

चित्रलेखानं वहीत लिहिलं, "६:४० ते ६:४३, हवा बंद. कारण माहीत नाही." त्या दिवशी सातही घरांना मेसेज पंधरा मिनिटं उशिरा गेला.