टर्कीचा भाव उतरला तेव्हा

पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. केलं, आणि त्या डिग्रीचा शिकागोत पहिला उपयोग झाला तो मेलेल्या पक्ष्याचे भाव टिपायला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. किरकोळ बाजारातले भाव गोळा करणाऱ्या एका ऑफिसात मला अर्धवेळ काम मिळालं. देशाचे विभाग पाडलेले होते. आमच्या विभागातल्या ठरलेल्या दुकानांत दर आठवड्याला जायचं आणि गोठवलेली अख्खी टर्की पौंडाला कितीला मिळते ते लिहून आणायचं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. फ्रीझरपाशी मी श्वास रोखून वाकायची, पाटी वाचायची आणि झटकन मागे व्हायची.

सात वर्षांची लेक शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर असायची. तिच्या वर्गात सगळ्यांकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की व्हायची, म्हणून आपल्याकडेही हवी, असा तिचा हट्ट. ‘आपण खात नाही’ म्हटलं की लगेच ‘का?’ यायचं आणि उत्तरं देता देता मी थकून जायची. शेवटी कुठल्याही मराठी आईच्या तोंडात तयार असतं तेच म्हणाले, “महाग आहे गं.” विषय संपला, असं मला वाटलं.

त्यानंतर ती प्रत्येक वेळी विचारायची, “आई, टुडे हाऊ मच?” मी ऐटीत भाव सांगायची. पोरीला माझ्या कामात गोडी आहे, माझ्यावर गेलीय, असं नवऱ्याला ऐकवूनही झालं.

नोव्हेंबरात सण तोंडावर आला आणि भाव धाडकन निम्म्यावर. मी हबकलेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवाला काय भाव लावतो ते बघत मी वाढलेली. सणाला वस्तू स्वस्त? पाटी चुकली असेल म्हणून दुसऱ्या दुकानात गेले, तर तिथे आणखी कमी. मॅनेजर म्हणाला, टर्की आम्ही तोट्यातच विकतो, तिच्यासाठी आलेलं गिऱ्हाईक बाकीचं सामान इथूनच नेतं. एम. ए.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

लेकीनं पाटी वाचली. “आई, इट्स चीपर दॅन कॉलीफ्लॉवर.” आमच्या ट्रॉलीत तेव्हा फ्लॉवरच होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी आकडा लिहिण्याच्या नादात सवयीनं म्हणाले, “तरी महागच. चल.” ती हट्ट न करता ट्रॉली ढकलत निघाली. समजूतदार झाली, म्हणून मला बरंच वाटलं.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. तिच्या वर्गाच्या बाई दारात, हातात खोकं. आत मक्याचे डबे, बटाटे आणि सगळ्यांवर गोठलेली टर्की. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमच्या मुलीनं सांगितलं मला. यात लाजण्यासारखं काही नाही.” मागे आमची नवी कोरी गाडी उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. इंजिनियरची बायको, स्वतः नोकरी करणारी, आणि दारात शिधा आलेला. संताप आला, पण कुणाचा ते कळेना. मी खोकं घेतलं आणि कसंबसं थँक यू म्हणाले.

बाई गेल्यावर मागच्या अंगणात बर्फात खेळणाऱ्या लेकीला आत बोलावलं. “काय सांगितलंस बाईंना?”

“दॅट वुई आर पूअर.” मग मलाच समजावल्यासारखं सावकाश म्हणाली, “आय वेटेड अँड वेटेड. मग प्राइस डाउन झाली, तरी तू महाग म्हणालीस.”

म्हणजे इतके आठवडे ही पोर भाव उतरायची वाट बघत होती. आपण गरीब नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती बर्फातले बूट काढायला लागली. ते निघेनात. मी ओढून काढले. दोन्ही अंगठे लालभडक, टाचेवरचा फोड फुटलेला. बूट मागच्या हिवाळ्यातले होते.

“अगं, लहान झालेत हे. बोलली का नाहीस?” मी ओरडलेच.

“बूट्स आर मोअर दॅन टर्की, आई,” ती म्हणाली.