मावशीचे अवघड शब्द

राजूरच्या माझ्या मावशीइतके अवघड इंग्रजी शब्द अख्ख्या भोकरदन तालुक्यात कोणाला येत नसतील, आणि त्यांचा तिच्याइतका उपयोग तर खुद्द इंग्रजांनीही केला नसेल. तिचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा स्पर्धा परीक्षेचं एक जाडजूड शब्दांचं पुस्तक घरी टाकून गेला. दहावी शिकलेल्या मावशीनं ते मोसंबीच्या बागेत वानरं हाकलता हाकलता वाचून काढलं. व्याकरणाच्या वाटेला ती गेली नाही. "ते टरफल हाय रे, दाणा म्हंजे शब्द," असं तिचं मत. पण शब्द नुसता फेकायचा नाही, लगेच अर्थही सांगायचा, हा तिचा शिरस्ता. सुस्त बैलाचं नाव तिनं 'लेथार्जिक' ठेवलं आणि त्या हाकेनं तो खरंच चालायला लागला. शेजारच्या काकूंना ती एकदा 'लोक्वेशस' म्हणाली. अर्थ 'बडबडी' निघाला, तरी काकू खूश. आपल्यासाठी इंग्रजांनी वेगळा शब्द ठेवलाय, हे त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

एका उन्हाळ्यात मी तिथंच होतो. विहीर काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, आणि त्यांच्या थोरल्या भावाची सामाईक. त्या दिवशी पाण्याची पाळी काकांची, पण थोरले आपली मोटार बंद करीनात. इकडे बाग वाळत चाललेली. काका तणतणत निघाले. ते पोचले की दोन घरांचं बोलणं कायमचं तुटणार, हे दिसत होतं. मावशी पदर सावरत त्यांच्या पुढं धावली आणि थोरल्या दिरांसमोर उभी राहिली.

"दादा, तुम्ही लई मॅग्नॅनिमस हायत!"

"मला शिव्या देऊन राह्यलीस?" ते कडाडले.

"शिवी न्हाई, दादा. मोठ्या मनाचा माणूस."

थोरले विहिरीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अजून एकदा म्हण बरं."

मावशीनं म्हटलं. त्यांनी मोटार बंद केली आणि काकांवरच ओरडले, "उभा काय राह्यलास? जल्दी पाइप जोड, लाइट जाईल!"

मी नंतर विचारलं, "खरंच आहेत का गं ते मोठ्या मनाचे?"

"तवा नव्हते," मावशी म्हणाली. "म्हणल्यावर झाले."

आता मुलानं तिला पुण्याला नेलंय. परवा फोन केला, तर आवाज उतरलेला. "इथं समद्यांना इंग्रजी येतं रे. मी शब्द बोलते, ते मान हलवतात. अर्थ कोणी विचारतच न्हाई. लई फॉरलॉर्न वाटतं."

मला तो शब्द ठाऊक होता. तरी म्हणालो, "म्हणजे काय गं मावशी?"

"एकटं पडलेलं," ती म्हणाली, आणि मग खुशीत येऊन उदाहरणं देऊ लागली.