आवाज थांबल्याबाबत अर्ज

अर्जदार : उमरेडचे एक विणकर, नाव येथे देत नाही. दिवस : पौषातला सोमवार, सकाळचे अकरा. साक्षीदार : मी स्वतः, कचेरीसमोरील अर्जनवीस, इयत्ता सातवी उत्तीर्ण.

सदर गृहस्थ दोन वर्षांच्या मुलीस कडेवर घेऊन आले. तिच्या हृदयास जन्मतः बारीक छिद्र होते. तपासणीची तारीख चार महिन्यांनंतरची होती. ती अलीकडे आणण्यासाठी त्यांना अर्ज हवा होता. बोलता बोलता ते तिच्या छातीस कान लावीत आणि मी गप्प राहावे म्हणून बोट वर करीत.

"छिद्र लहान आहे म्हणून ठोक्यासंगं सूं सूं आवाज मोठा येते, असं डॉक्टर म्हणे. छिद्र वाढलं तर आवाज कमी होते. मी रोज सकाळी ऐकत होतो. आठ दिवसांपासून आवाजच येऊन नाही राहिला."

"मग छिद्र बुजले असेल," मी अधिकाराने म्हणालो.

"बुजलं तरी आवाज बंद होते म्हणे. पण आमच्या मागाचा आवाज थांबला, का धागाच तुटलेला राह्यते. तुम्हीच आयका गा, साक्षीदार म्हणून."

मी कान टेकवला. मुलगी माझ्या मिशांना हसली. ठोके ऐकू आले. त्यापलीकडे काही आहे की नाही, ते मला कळेना. न पाहिलेल्या कितीतरी गोष्टी मी आजवर साक्षीने लिहिल्या. त्या दिवशी मात्र लेखणी टेकवण्याची भीती वाटली.

सबब डॉक्टरसाहेबांस विनंती की, मुलीस उद्याच तपासावे, आणि छिद्र बुजले की वाढले, याचे उत्तर बापास समजेल अशा शब्दांत द्यावे.