बेअरिंगचा आहेर

चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडू नये, एवढं ट्रकवाल्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी बावीस वर्षं ट्रक चालवतोय. तरी उघडलं. तेही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, शेंद्र्यात मेव्हण्याच्या अंगणात, त्याच्या पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. गाडी निळा धूर फार टाकतेय, ऑइल तरी किती राहिलंय बघावं, म्हणून झाकण फिरवलं आणि आतून भप्पकन वाफ आली. तेलाचे शिंतोडे छातीवर, मानेवर आणि थेट डाव्या कानात.

"दाजी," मेव्हणा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तुमचं इंजिन तेल पितं हे माहीत व्हतं. आता मालकालाबी पाजायला लागलं व्हय?"

पाहुणे हसले. बायकोही तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, कारण जावयाला दुसरं काय करता येतं?

पण ती गाडी मला विकली होती त्यानंच, तीन वर्षांपूर्वी. "इंजिनाला अजून पाना लागलेला नाय दाजी, कंपनीनं दिलं तसंच हाय," असं म्हणून. आमच्यात सासरच्या माणसाकडून गाडी घेताना मिस्त्री सोबत नेत नाहीत. तो अविश्वास दिसतो, आणि मग बायकोला माहेरी मान वर करता येत नाही. मी विश्वास दाखवला. टायरला लाथ मारून बघितली, समजल्यासारखी मान हलवली आणि गाडी घरी आणली.

पाहुणे गेल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "आता ह्या इंजिनात पैसं घालू नका. माझ्या शेडमधी एक पडलंय, ॲक्सिडेंटच्या गाडीचं, लई कमी चाललेलं. बसवून टाका. घरचंच हाय."

पहिलं इंजिनही घरचंच होतं. मी तिथल्या तिथं ठरवलं, हेच इंजिन पुन्हा बांधायचं. या निर्णयामागं तांत्रिक कारण एकही नव्हतं. त्या माणसाकडून आता सुतळीचा तोडाही घ्यायचा नाही, एवढंच.

अडचण अशी की घर त्या एकाच गाडीवर चालतं. शेंद्र्याच्या एका कारखान्याचा माल मी रोज जालन्याला नेतो. गाडी उभी राहिली तसा कारखान्याचा साहेब म्हणाला, पंधरा दिवस थांबतो, नंतर काम दुसऱ्याला. आणि त्या पंधरा दिवसांत माझा माल कोण नेत होतं? मेव्हण्याच्या चार गाड्यांपैकी एक.

चिकलठाण्याच्या चाचांनी इंजिन उतरवलं. चाचा जुने मिस्त्री. एकेक भाग डिझेलनं धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडतात, मालकाला दिसावं म्हणून. पिस्टन, लायनर गेलेले होतेच. मग त्यांनी क्रँक मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली.

"भाई, ये दो बार घिस चुकी है. अब घिसने को कुछ बचाच नहीं."

क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. तो झिजला की घासून गुळगुळीत करतात आणि जेवढं घासलं तेवढं जास्त जाड बेअरिंग बसवतात. किती घासलं त्याचा आकडा बेअरिंगच्या पाठीवर कोरलेला असतो. चाचांनी ती लोखंडी अर्धी चकती उलटी करून माझ्या हातात दिली. ज्या इंजिनाला पाना लागला नव्हता, ते दोनदा उघडलं गेलं होतं, आणि तसं त्याच्या पोटात लिहूनही ठेवलेलं होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी चाचांना चहा पाजला.

"क्रँक नवी लागंल, ब्लॉकलाबी चीर गेलेली," चाचा चहा पिता पिता म्हणाले. "इतने में दुसरं इंजिन येतंय. तुम्हारे साले के पास है ना, मैंने देखा है. अच्छा है."

"बांधा," मी म्हणालो.

"भाई, गुस्सा इंजिन में नहीं डलता."

मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. दोन दिवसांनी भाचीचा साखरपुडा होता.

घरी येऊन मी ते बेअरिंग भांड्याच्या साबणानं घासलं. आरशासारखं झालं. बायकोनं विचारलं, हे काय? म्हटलं, तुझ्या भावाला आहेर. तिनं कपाटातून नवा टॉवेल काढून दिला.

साखरपुड्यात माझी पाळी आली तेव्हा मी टॉवेल-टोपी मेव्हण्याच्या हातात ठेवली. तो फेटा बांधून नव्या व्याह्यांशेजारी बसला होता. टॉवेल जड लागला म्हणून त्यानं घडी उलगडली आणि बेअरिंग व्याह्यांच्या पायाशी पडलं. व्याह्यांचे दोन टँकर आहेत. त्यांनी ते उचललं, उलटं केलं, हात लांब धरून आकडा वाचला.

"क्रँक दोनदा घासलीय. कुणाची गाडी?"

"माझी," मी म्हणालो.

"घेतली कुणाकडून?"

उत्तर मी दोन दिवस पाठ केलं होतं, न्हाणीघरातसुद्धा. मेव्हण्याच्या फेट्याखालून घाम कानापर्यंत आला. मी तो घाम सावकाश, पोटभर बघितला. मग नजर भाचीकडं गेली. ट्रकांच्या शेडमध्ये वाढलेली पोरगी. तिला सगळं कळलं होतं. ती बापाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"एका दलालाकडून," मी म्हणालो.

"नाव सांगा, म्हणजे आम्हीबी सावध राहतो."

"गाव सोडून गेला तो."

याचा अर्थ मी माफ केलं, असा कुणी काढू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांना घेऊन त्याच्या शेडमध्ये हजर झालो.

"पाहुणं, तुमचं इंजिन घेतो. पण आधी उघडून बघणार."

"चांगलं इंजिन कोण उघडतं दाजी?"

"मी."

दिवसभर त्याला मी उन्हात पाने द्यायला बसवलं. चाचांना सांगून ठेवलं होतं, घाई करू नका. त्यांनीही मधे नमाज, जेवण, डुलकी, सगळं नीट पार पाडलं. दुपारनंतर बेअरिंग निघाली. एकेक मी मेव्हण्याच्या हातात देत गेलो.

"पाठीवर काय लिहिलंय?"

"स्टँडर्ड," तो पुटपुटला. म्हणजे मूळ माप, एकदाही न घासलेलं.

"मोठ्यानं."

"स्टँडर्ड, दाजी."

चौदा चकत्या होत्या. चौदा वेळा वाचून घेतलं. नवव्या वेळी चाचांनी तोंड फिरवलं, त्यांना हसू आवरेना. इंजिन खरोखर चांगलं निघालं, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

इंजिनाचा नंबर बदलला की गाडीच्या कागदावरही बदलावा लागतो. त्या कामाला आरटीओत मी त्यालाच तीनदा पाठवलं. दर वेळी एक कागद कमी पडत होता. तो माझ्याच खिशात राहत होता. तेराव्या दिवशी गाडी पुन्हा शेंद्र्याच्या मालाला लागली.

संध्याकाळी बायको मेथी निवडत बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं: चौदा चकत्या, आरटीओच्या खेपा, आणि व्याह्यांसमोर मी कसा मोठ्या मनानं गप्प राहिलो ते. तिनं मान वर न करता ऐकून घेतलं.

"दलाल कशाला म्हणायचं," ती म्हणाली. "मला विचारलं असतं ना व्याह्यांनी, तर मी नाव सांगून टाकलं असतं. बापाच्या नावासकट."